शेवंतीचं उत्तर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरांना नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानाही नाही. तुला सांगतो, कारण तू मला ओळखत नाहीस. वाचून तोंड वाकडं करशील — कर. मला काय त्याचं?

मी चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर माडावर चढून नारळ पाडले. पण कचेरीतलं शुद्ध मराठी मला येतं. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत कुणाचं तलाठ्याकडे काम निघालं की मलाच पुढे करतात. याचा मला गर्व होता. होता कशाला — आहे.

शेवंती माझी बायको. तिला साखरेचा आजार. चार वर्षांमागे तिच्या डाव्या पायाचं एक बोट चिघळलं, जखम हाडापर्यंत गेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरीण, ड्रेसिंगवाली सिस्टर आणि व्यायाम शिकवणारा, असे तिघे एकदम समोर बसले. कागदावर पाऊल काढून दाखवलं. बोट आताच काढलं तर जखम बहुतेक तिथेच थांबेल. नाहीतर औषधं आणि रोज ड्रेसिंग — बोट वाचेलही, पण विष वर चढलं तर जास्त कापावं लागेल. मी म्हटलं, तुम्हीच काय ते ठरवा. डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या. पाय आजींचा आहे. त्यांचं काय ठरतं ते उद्यापर्यंत फोन करून कळवा."

त्यांचं! चाळीस वर्षांत शेवंतीला माझ्यादेखत असं कुणी विचारलं नव्हतं. रेशनकार्डापासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं मी ठरवलं. मग पाय काय वेगळा?

घरी आलो. मला वाटलं, नेहमीसारखी म्हणेल, तुमी म्हणशात तसा. कसलं काय! तांदूळ निवडता निवडता बोलून मोकळी झाली.

"कापूंदेत. एक बोट गेला तर गेला. माका माझ्या पायान बाजारात जावक व्हया."

"आणि माका कोण इचारूचा नाय?"

"तुमका कित्याक? तुमी जलमभर माडार. जमनीवरच्या पायाचा तुमका काय कळता?"

आणि हसली. थट्टा होती ती — मला कळत नव्हतं काय? कळत होतं. तरी लागलं.

फोन माझ्याकडे. घरामागच्या परड्यात गेलो, हॉस्पिटलात लावला. काय सांगितलं असेल मी?

सांगितलं, "ती नको म्हणते. औषधं द्या."

"आजींना देता का जरा फोन?"

"ती न्हातेय."

ती न्हात नव्हती. ती आत तांदूळच निवडत होती.

आत जाऊन तिला म्हटलं, डॉक्टर म्हणतात कापायची गरज नाही. तिला आनंद झाला.

ड्रेसिंग गावच्या उपकेंद्रातच व्हायचं, म्हणून खोटं टिकलं. तीन आठवड्यांनी ताप भरला. विष चढलं होतं. पाय गुडघ्याखाली कापला.

बोट कापूनही चढलं असतं, असं कुणी म्हणेल. असेल. त्याने मी फोनवर बोललो ते बदलत नाही.

गेल्या महिन्यात तिचा नकली पाय तपासायला गेलो. तीच डॉक्टरीण. जुने कागद चाळत हळूच म्हणाली, "आजी, तेव्हा तुम्ही बोट ठेवायचं ठरवलंत..."

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरणीकडे वळून म्हणाली, "होय गो बाये. माझाच चुकला."

त्यावर एसटीत चकार शब्द नाही. घरी नाही. अजून नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी दुप्पट आवाजात भांडलो असतो, मला भांडता येतं. पण तिने मला झाकलं — मी सांगितलं होतं तिला? कुणी झाकावं एवढा मी लुळा झालेलो नाही.

त्या कागदावर लिहिलेलं मी वाचलं. पेशंटने नकार दिला, असं आहे. पेशंटने नकार दिला नाही. पेशंट कापा म्हणाली होती. नकार मी दिला.