अंड्यांवरनं उचललेली कोंबडी

रखमाजीचं नाव निघालं की आजबी माझं डोस्कं फिरतं. मेल्या मानसाला वंगाळ बोलू न्हाई म्हनत्यात. म्या बोलनार.

माझी सासू कोंडाबाई. म्या त्यास्नी आत्याबाई म्हनायची. तोरण्याच्या पायथ्याला आमची वाडी. शेत सासऱ्याचं, बैलं सासऱ्याची, भांड्यांवर नावबी सासऱ्याचं. आत्याबाईंचं आपलं म्हनून काय, तर कोंबड्या. सकाळी आभाळात घार न्हाई ना, ते बघूनच कोंबड्यांवरचं डालगं उचलायच्या. मुंगसानं एखादी नेली तर दिसभर मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार. आमचं पोट दुखलं तर म्हनायच्या, "नीज, बरं वाटंल." कोंबडीनं जरा मान टाकली की हळद-लसून घेऊन धावत सुटायच्या. सुनंपरास कोंबडीची मजा व्हती त्या घरात.

त्या साली माघात मर आली आन वाडीतल्या कोंबड्या पटापटा गेल्या. कुनाच्याच दारात एक ऱ्हायली न्हाई. आमची काळी तेवढी वाचली, आन अकरा अंडी. काळी खुडूक झाली तशी आत्याबाईंनी पाटीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवली, वर डालगं झाकलं. "ही पिल्लं निघाली तर बियानं ऱ्हाईल," म्हनल्या. "न्हाईतर संपलं माझं."

अठराव्या दिशी आत्याबाई रानात शेन गोळा करायला गेल्या आन रखमाजी आला. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, वयानं मोठा, म्हंजे माझा थोरला दीर. वेल्ह्याला कुनी फिरतीवरचा साहेब तंबू ठोकून उतरलावता. त्याच्या ताटाला कोंबडी पायजे व्हती. ह्याला कुनी सांगितलं नव्हतं. मोठ्या लोकांपुढं मिरवायची खाज, दुसरं काय. सरळ आत आला आन डालगं उचललं.

थोरल्या दिरापुढं सुनंनं तोंड उघडायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. म्या पदर पुढं वढून भिंतीला चिकटले. म्हनलं, अंडी दिसत्याल, ठेवंल. अंडी त्याला दिसली. तरी काळीचे पाय धरून, उलटी लोंबकळत घेऊन गेला.

आत्याबाई आल्या. "आन तू मूग गिळून बघत बसलीस?"

"थोरले भावजी व्हते."

"घाल ती रीत चुलीत," म्हनल्या, आन तशाच अनवानी वेल्ह्याला गेल्या. तंबूमागं काळी पिसं पडलीवती. आचारी वर त्यांनाच म्हनला, "बाई, कसली कोंबडी दिली? नुसती हाडं."

"अंड्यांवर बसलीवती ती. खायाला उठत नव्हती. मास कुठनं येनार?" आत्याबाई म्हनल्या आन माघारी आल्या.

तवर म्या अंडी गोधडीत घेऊन पोटाशी धरलीवती. पुढं तीन दिस त्या आन म्या आळीपाळीनं धरून बसलो. सासरा वरडला, भाकरी करपल्या, कुनाला त्याचं. अंड्यांत चिवचिव आईकू यायला लागली. पन आमाला काय कोंबडीची ऊब येतीया व्हय? तीन पिल्लं निघाली. आठ आतल्या आत मेली. आत्याबाईंनी एकेक फोडून बघितलं, पिसं फुटलेली, चोच कवचाला लागलेली. त्या दिशी त्या जेवल्या न्हाईत.

जेठात रखमाजी दारात हजर. भायेरनंच हाक मारली, "काकी, त्या तीन पिल्लांतली एक तलंग द्या. आमच्याकडं बियानं न्हाई." आत्याबाई तर वड्याला गेल्यावत्या. म्या उंबऱ्यात आडवी झाले. पदर खांद्यावरच ऱ्हाऊ दिला.

"भावजी, तुमचं बियानं साहेबाच्या ताटात गेलं. तितं जाऊन मागा. ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई."

मानूस आल्या पावली माघारी गेला. सांजच्याला सासऱ्याफुडं येऊन गाऱ्हानं केलं, "काका, तुमची सून माझ्यासंगं बोलली."

सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. म्या खाली मान घातली न्हाई.

आत्याबाई चुलीफुडं भाकरी थापत व्हत्या. मागं वळल्याबी न्हाईत.

"उशिरा बोलली," म्हनल्या.