कुठले रेगे?

मिरज स्टेशनवर अप्पांनी ट्रंक डब्यात ठेवली आणि दर गुरुवारी भजनाला सांगायचे तेच सांगितलं, "सूर सोडू नकोस." कॉम्प्युटरची नोकरी करायला बंगळूरला निघालेल्या मुलाला हा काय सल्ला, म्हणून मला हसू आलं. गाडी हलली तरी ते खिडकीचा गज धरून चालत होते.

बंगळुरात के. आर. पुरमला खोली मिळाली ती दोघांबरोबर. अनिल नागपूरचा, जॉन मंगळूरचा, चर्चमध्ये गाऊन तयार झालेला. जॉनकडे जमैकाच्या जुन्या रेगे गाण्यांची एक कॅसेट होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, गिटारवाल्याला ताल कळत नाही. टाळी पडायची तिथे गप्प आणि नको तिथे वाजवतो. मग त्यावर तिघांचे आवाज आले. घरापासून तोडून समुद्रापार नेलेल्या लोकांची ती गाणी, पण आवाजात चुलीपाशी बसल्यासारखी ऊब. तिघं तीन सुरांत गात होते आणि कुणीच चुकत नव्हतं. आमच्या भजनात माणसं कितीही असोत, सूर एकच. वेगळा लावणाऱ्याकडे अप्पा चष्म्यावरून बघायचे.

संध्याकाळी लाइट गेले की टेप बंद पडायचा, मग आम्हीच गायचो. जॉन मुख्य चाल धरायचा, अनिल वरचा आवाज, माझ्या वाट्याला खालचा. मी सारखा घसरून जॉनच्या चालीत जायचो. तो म्हणायचा, "अलग गा यार, पर साथ मत छोड़." घरमालक अण्णा जिन्यातून "स्वल्प मेल्लगे," म्हणजे जरा हळू, असं सांगायला यायचे आणि तिथेच पायरीवर बसून ऐकायचे.

एकदा एसटीडी बूथवरून अप्पांना सांगितलं, हल्ली रेगे ऐकतो. ते एकदम खूश झाले. "कुठले रेगे? मालवणचे का?"

अहो, तो गाण्याचा प्रकार आहे, असं मी ओरडून सांगितलं. पण लाइन खरखरत होती आणि त्यांच्या डोक्यात मालवणचे रेगे पक्के बसले. परक्या मुलखात पोराला गाणारा मराठी माणूस भेटला, त्यांची काळजी मिटली. पुढे दर फोनला विचारायचे, रेगे बरे आहेत ना, सणावाराला जेवायला बोलावतात ना. मी एक-दोनदा पुन्हा समजावून पाहिलं, मग नुसतं हो म्हणू लागलो. अनिल हसून लोळायचा आणि जॉन "नमस्कार, रेगे बोलतोय" म्हणायचा सराव करायचा.

मग जॉन दुबईला गेला, कॅसेटही गेली. अनिलला अमेरिकेचा प्रोजेक्ट मिळाला. मी बंगळुरातच महादेवपुऱ्यात फ्लॅट घेतला. शेजाऱ्यांशी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, इतकीच ओळख. इथे जिन्यात कुणी थांबत नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आईने पाणी दिलं, जवळ बसली आणि म्हणाली, "जाताना म्हणाले, त्याला निरोप द्यायच्या आधी रेगेंना कळवा. त्याच्यापाशी जाऊन बसा म्हणावं. एकटा असताना ऐकायला नको त्याने."

ऑफिसात निरोप आला तेव्हा मी एकटाच होतो. थोड्या वेळाने आईने पदराने डोळे पुसले आणि रेगेंचा नंबर विचारला.

जॉन, अनिल, तुम्हाला दोघांना म्हणून हे लिहितोय. भाजी चिरताना अजून माझा खालचा आवाज लागतो. वर चाल नसली की ते गाणं आहे हे कुणाला कळायचंही नाही. सुट्टीत मिरजेला गुरुवारी भजनाला बसलो तर तिथेही तोच लागला, आणि चष्म्यावरून बघायला कुणी नव्हतं. घर कुठे, असं विचाराल तर आता मला सांगता येत नाही. बंगळुरात माझं कुणीतरी आहे असं मानणारा एक माणूस मिरजेत होता, तेच घर होतं. तो गेला आणि त्याच्याबरोबर रेगेही गेले.