आईच्या भाषेत समजावले

डॉक्टरांनी माझ्या हातात पेन कोंबलं. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान असतील. कुंभकोणमच्या त्या इस्पितळात, रांगेतल्या सगळ्यांसमोर, एकेरीत म्हणाले, "ऑपरेशन तू करणार की मी?"

मी एवढंच विचारलं होतं, की आईच्या गळ्यातली गाठ काढण्यात धोका काय.

संमतीच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: रुग्णाला तिच्या मातृभाषेत, मराठीत, सर्व धोके समजावले. ती मी वाचली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आम्ही मराठी माणसं; आम्हा दोघांखेरीज तिथं मराठी येणारं कोणी नव्हतं. तमिळमधूनही तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती दहा पावलांवर खाटेवर बसली होती. मी सही केली. वर "थँक्यू सर" म्हणालो.

आईचा आवाज गेला. नस दुखावली. तो धोका त्याच कागदावर, वर बारीक इंग्रजीत छापलेला होता. तिथवर मी वाचलंच नव्हतं. कुंभकोणमच्याच मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात तिची हाक मागच्या विहिरीपासून रस्त्यापर्यंत पोचायची. आता ती ताटावर चमचा वाजवते.

आम्ही दावा लावला. तंजावरला ग्राहक आयोगात इस्पितळाच्या वकिलानं तो कागद माझ्यापुढे धरला. "आमच्याकडे मराठी कोणालाच येत नाही. मग समजावलं कोणी? तुम्हीच ना?" मागे कोणीतरी हसलं.

बाहेर आमचे वकील म्हणाले, सही केली तेव्हा कागद कोरा होता असं प्रतिज्ञापत्र देऊ, सोपं जाईल. मी मान डोलावली. तिथंही.

परतीच्या बसमध्ये, पापनाशम् गाव मागे पडल्यावर, आईनं माझी बाही ओढली. तिचं बोलणं म्हणजे आता नुसता वारा. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"मला कोणी पुसलं नाही," ती म्हणाली. "तूही नाही."

दाव्यात डॉक्टरांचं नाव आहे. माझं कुठंच नाही.

वकिलांनी केलेलं प्रतिज्ञापत्र मी परत दिलं. दुसरं लिहितोय. कागद कोरा नव्हता. ओळ मी वाचली होती. ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना घाबरून सही केली. वकील म्हणतात, अशानं दावा पडेल. पडू दे.

त्याखालीही माझी सही लागेल. आधी ते आईला वाचून दाखवीन, आमच्या घरच्या मराठीत, एकेक ओळ. ती हो म्हणाली तरच पेन उचलीन.