तलाव आधी, ढग नंतर

मध्यभारत राज्य मोडून त्याहून मोठं राज्य होणार, आमच्या लष्कर शहरातल्या कचेऱ्या भोपाळला जाणार, हे ठरल्यापासून आमच्या घरी जेवताना रोज नोकरीचाच विषय निघे. नाना, म्हणजे माझे वडील, सिंचन खात्यात इंजिनिअर होते. नव्या राज्यात जागा टिकवायची तर काही नवं करून दाखवायला हवं होतं. त्यांनी मिठाची बारीक पूड ढगांपर्यंत उडवून पाऊस पाडण्याचा प्रयोग हाती घेतला. त्यासाठी माणसं आणि गाड्या लागणार, म्हणून एका गावच्या तलावातला गाळ काढणं थांबवावं लागणार होतं. त्याला गावाची संमती हवी होती.

गावचे पंच नानांच्या इंदरगंजच्या कचेरीत आले. प्रयोगाचे तज्ज्ञ मद्रासकडचे, त्यांना हिंदी येत नव्हती. खात्याचे दुभाषी आधीच भोपाळला गेले होते आणि स्वतः दुभाष्याचं काम करणं नानांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी मला नेलं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, पण परक्या माणसांपुढे माझा आवाज फुटत नसे.

सर्वांत वयस्क पंचानं विचारलं, "बिटिया, साहब से पूछो, पानी पक्का बरसेगा?"

तज्ज्ञ इंग्रजीत म्हणाले, ढग असले तरच काही होईल, आणि तेव्हाही खात्री देता येत नाही.

मी सांगणार, तोच नाना मराठीत पुटपुटले, "एवढं सगळं नको. पडेल म्हण. तलावाचं मागून बघू."

समोर हिंदीवाले बसले की आपसातलं मराठीत बोलायचं, ही आमच्या मराठी लोकांची कचेरीतली जुनी सवय.

म्हातारा मिशीत हसला. "मराठी सरदारांच्या पागेत उमर गेली माझी, साहेब," तो मराठीत म्हणाला. "घोड्यांना शिव्यासुद्धा मराठीतच दिल्या."

बाकीचे पंच त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो माझ्याकडे वळला. "ह्यांना सांगा, बाईसाहेब. ते साहेब बोलले तेच."

नाना टेबलाकडे बघत होते. मी सांगितलं, काही न गाळता. आवाज इतका बारीक होता की एकानं पुन्हा विचारलं, आणि मला सगळं परत सांगावं लागलं.

"तो पहले तालाब खुदने दो," म्हातारा म्हणाला. "बरसा भी, तो ठहरेगा कहाँ?"

हे इंग्रजीत सांगितल्यावर तज्ज्ञांनीही मान डोलावली. पंच संमती न देताच उठले.

परतताना, टांगेवाल्याच्या पाठीवर नजर ठेवून, नाना अगदी हळू म्हणाले, "गप्प तरी बसायचंस."

"ते मलाच विचारत होते, नाना."

"आणि प्रयोग का झाला नाही, हे भोपाळला मला विचारतील, तेव्हा?"