न्यागुथीचे जाळीचे बूट

न्यागुथीच्या घरी गेलं की बसायच्या आधी अंदाज घ्यावा लागतो. सोफा आहे, खुर्च्या आहेत, पण त्या दिसत नाहीत. सगळ्यावर तिच्या हातचे क्रोशाचे रुमाल. पाठीवर एक, दोन्ही हातांवर एकेक, बसायच्या जागेवर मोठा. टेबलावर, रेडिओवर, चहाच्या थर्मासवर, पाण्याच्या जगवर. टीव्ही बंद पडून कैक वर्षं झाली, पण त्याच्या डोक्यावरचा रुमाल दर शनिवारी धुतला जातो. आमच्या न्याहुरुरू गावात असे रुमाल घरोघरी असतात, माझ्याही घरात आहेत, त्यातले निम्मे हिनेच गळ्यात मारलेले. पण आम्ही निदान अधूनमधून ते काढून खालचं लाकूड पुसतो. न्यागुथीने तिचं लाकूड विकत घेतलं त्या दिवशी शेवटचं पाहिलं असावं.

माझं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये फक्त कुंपण आहे, म्हणून हे सगळं मला सोसावं लागतं. बाई ठेंगणी, रुंद, आवाज एवढासा. दोन गाई, थोडे बटाटे आणि डोक्याच्या फडक्यात खोचलेली क्रोशाची सुई. मटाटूत, म्हणजे आमच्या भाड्याच्या छोट्या बसमध्ये, बसली की सुई बाहेर. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की सुई बाहेर. एकदा मयताला गेलो होतो, पाद्री डोळे मिटून मृताच्या आत्म्याला शांती मागतोय आणि माझ्या शेजारी ही पुटपुटतेय, "तीन साखळ्या, एक खांब." देवालाही कळेना कुणाचं ऐकावं.

तिचं लग्न झालं नाही. तिला कुणी विचारलं नाही, की विचारलं तेव्हा हिने विणकामातून मान वर केली नाही, ते तिलाच ठाऊक. तिच्या पदरात पडली भावाची पोर, गाथोनी. भाऊ गेला, भावजय दुसरीकडे संसाराला गेली, आणि ही चिमुरडी राहिली न्यागुथीकडे. तिला हिने दुधावर आणि बटाट्यांवर वाढवलं. थोडी मोठी झाल्यावर दोघींचे पाय एका मापाचे झाले, तेव्हा गमबुटांचा एकच जोड दोघींत चालायचा. सकाळी गोठ्यात ही, दुपारी शाळेला ती. मुलगी हुशार निघाली. शिकली, नैरोबीला गेली, जिथे लिफ्टने वर जावं लागतं अशा ऑफिसात लागली. मग तिने लेदरचा सोफा घेतला.

त्या सोफ्याची बातमी आली आणि न्यागुथी कामाला लागली. पाठ, हात, बैठक, सगळा संच पांढऱ्या दोऱ्यात, अननसाच्या नक्षीचा. पिशवी मांडीवर धरून मटाटूने नैरोबीला गेली. दोन दिवसांनी परत आली. मी कुंपणावरून विचारलं, "काय गं, बसला का संच?"

"लेदरवर काही घालत नाहीत, वाचेरा," ती म्हणाली. "निसरडं असतं ना. कपाटावर ठेवलाय तिने. नीट ठेवलाय."

"म्हणजे तिच्या सोफ्याला लाज वाटते तुझी."

"लेदर छान असतं गं. गार लागतं बसायला," असं म्हणून ती गाईला पाणी दाखवायला गेली. मला अशी चीड आली! तिची नाही, पोरीची. तिचीही थोडी.

पुढे गाथोनीचं ठरलं. मुलगा गिचुकी, कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवणारा, गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा. तो माणसं आणि बकऱ्या घेऊन मागणी घालायला येणार, तो दिवस नक्की झाला. त्याच संध्याकाळी न्यागुथी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा निवला तरी पिईना.

"वाचेरा, मला एकच वाटतं," ती म्हणाली. "एकदा तरी चारचौघांत पोरीच्या अंगावर माझ्या हातचं काही असावं. मग ती काढून टाकू दे, पेटीत घालू दे. पण एकदा लोकांनी पाहावं."

आता अंगावर काय उरलं होतं? कपडे नैरोबीचा शिंपी शिवणार. डोक्याचं मैत्रीण करणार. गळ्यातलं सासरचे आणणार. उरले पाय. आणि माझ्या सुनेने, तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, नेमक्या त्याच आठवड्यात तिला फोनवर क्रोशाचे बूट दाखवले. गुडघ्यापर्यंतचे, पांढरे, नुसती जाळी.

न्याहुरुरूत जाळीचे बूट! इथे पाऊस नसतो तेव्हा धुकं असतं आणि धुकं नसतं तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो. लोक गमबूट घालून चर्चपर्यंत येतात आणि दारात बदलतात. साध्या बुटात चिखल शिरायला निदान वाट शोधतो, हिने त्याला खिडक्याच खिडक्या काढून ठेवल्या. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने मान डोलावली आणि दोरा मागितला.

बाजारात चपला शिवणारा बसतो, त्याच्याकडून तिने जुन्या बुटांचे तळवे घेतले आणि आरीने कडेकडेने भोकं पाडून आणली. त्या भोकांतून पहिली ओळ घेतली आणि तिथून जाळी वर चढायला लागली. कुणाचं माप घ्यायचा प्रश्नच नव्हता, संध्याकाळी स्वतःच्या पायात घालून बघायची. डावा बूट उजव्यापेक्षा उंच झाला. उसवला. मग उजवा उंच झाला. तोही उसवला. त्या दिवसांत तिच्या गाईंचं दूध वेळेवर निघत नव्हतं आणि दोन्ही गाई माझ्याकडे बघून हंबरायच्या, जणू मीच विणायला बसवलंय.

बूट तयार झाले, पण उभे राहीनात. वर चढवले की गुडघ्यावरून खाली. आमच्याकडे रुमालाला ताठपणा यावा म्हणून साखरेच्या पाकात बुडवून वाळवतात. हिने बूटही पाकात बुडवले, दुधाच्या बरण्यांवर चढवले आणि चुलीजवळ ठेवले. वाळून असे ताठ झाले की ठोकले तर वाजावेत. सकाळपर्यंत पंचक्रोशीतल्या मुंग्यांना आमंत्रण पोचलं होतं. मग टेबलाचे पाय पाण्याच्या डब्यांत. दुकानातून बूट आणावेत तर माणसं खोक्यात ठेवतात, आमच्याकडे त्यांना खंदक खणावा लागला.

मागणीच्या आदल्या दिवशी गाथोनी घरी आली. मी मुकिमोच्या बटाट्यांत कुस्करायचा मका सोलायला तिथेच बसले होते. न्यागुथीने हात पुसले, आतून बूट आणले आणि टेबलावर ठेवले. दोन्ही आपल्या पायांवर उभे. खोटं कशाला बोलू, काम सुंदर होतं. घोट्याशी बारीक पानं, वर अननस, काठाला मोत्यासारखे गोळे. ओवायला पांढरी दोरीही विणली होती.

गाथोनीने फोनवर बुटांचा फोटो काढला, एक बूट उचलून उलटसुलट केला आणि हसली.

"आत्या, हे तर सोफ्याचं कव्हर आहे."

"बूट आहेत गं. तुझे. उद्यासाठी."

"उद्या? अगं, गिचुकीची आई येणार, त्याच्या मावश्या येणार. त्यांच्यापुढे मी पायात टेबलाचा रुमाल घालून उभी राहू?" मग तिला जाणवलं असावं, कारण आवाज खाली आला. "घरात घालीन ना मी. नैरोबीला. थंडीत."

"भोकं आहेत त्याला," मी म्हणाले. "थंडीत काय उपयोग?"

"काकू, तुम्ही जरा..."

"मी कुठे काय म्हणतेय? मी मका सोलतेय."

न्यागुथी म्हणाली, "असू दे. तुझे ते उंच टाचेचे छान आहेत." बूट घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. गाथोनी फोनकडे बघत बसली. मी मक्याचं एक कणीस असं सोललं की खाली फक्त दांडा राहिला.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. रीतीप्रमाणे आम्ही फाटक लावून घेतलं, त्यांच्या बायकांनी बाहेरून गाणी म्हटली, आम्ही आतून टोमणे म्हटले, आणि घसे बसल्यावर फाटक उघडलं. जेवणं झाली. मग आला ज्याच्यासाठी सगळे थांबलेले असतात तो भाग. नवरीला आणि तिच्यासोबत काही बायकांना डोक्यापासून घोट्यापर्यंत सारख्या रंगीत कापडांत गुंडाळून ओळीत उभं करायचं आणि नवऱ्याने आपली ओळखायची. चुकला तर बकरा दंड. कापडाखालच्यांनी बोलायचं नाही, हसायचं नाही. दिसतात ते फक्त पाय.

गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी जीव ओतून करते. पोरींच्या चपला अदलाबदल केल्या. गाथोनीचे उंच टाचेचे तिच्या मैत्रिणीला, गाथोनीला कुणाचे तरी कापडी बूट. ओळीत एक म्हातारी घालायची आमची पद्धत आहे, म्हणजे चुकला तर मजा यावी. मी आजीबाई शोधत होते, तोच न्यागुथी म्हणाली, "मी उभी राहते."

खाली बघते तर पायात जाळीचे बूट.

"अगं!"

"विणलेत तर कुणीतरी घालायलाच हवेत," ती म्हणाली. गाथोनीने ते पाहिलं. मी तिच्या तोंडावर कापड टाकलं. जरा जोरातच टाकलं.

मांडवात ओळ उभी राहिली. गवत ओलं होतं, साखर विरघळायला लागली होती, आणि एक माशी त्या बुटांना सोडायला तयार नव्हती. गिचुकी पुढे आला. त्याच्या मित्रांनी पहिल्या पोरीपासून निरखून बघ म्हणून हजार सूचना दिल्या होत्या. त्याने एकदाच ओळीवरून नजर फिरवली, बूट दिसले, आणि भूगोल शिकवणारा हा माणूस दुसरीकडे न बघता सरळ तिथे गेला. तोंडभर हसत म्हणाला, "हीच!"

त्याच्या बाजूच्या बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मी कापड उचललं. आत न्यागुथी, डोक्याचं फडकं तिरकं झालेली.

मांडव कोसळायचा बाकी राहिला. "आता परत नाही घ्यायची!" "घेऊन जा, गाई फुकट!" "बोकड काढा, बोकड!" गिचुकीचा एक काका हसता हसता खुर्चीवरून घसरला. आणि एवढ्याशा आवाजाची न्यागुथी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तयार आहे. पण माझा सोफा सोबत येईल." मग तर विचारूच नका.

गिचुकीही हसला, पण गोंधळल्यासारखा. बुटांकडे बघत राहिला. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "मास्तर, डोळे तपासा!"

"डोळे नाहीत चुकले," तो त्याच्या सावकाश पद्धतीने म्हणाला. "गाथोनीनेच मला काल फोटो पाठवला होता. आत्याने तिच्यासाठी विणले म्हणून. मला वाटलं, जिने आपल्याला वाढवलं तिने आपल्यासाठी एवढं केलं, तर आजच्या दिवशी ते दुसऱ्या कुणाच्या पायात कसे असतील?"

त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्या माणसाला टोमणा मारता येत नाही, हे मी आता खात्रीने सांगते. साधा हिशेब मांडला आणि तो चुकला कसा ते विचारत होता. हसणं विझलं. कुणी खाकरलं, कुणी मुलाच्या तोंडात उगाच मांसाचा तुकडा कोंबला. न्यागुथी घाईघाईने म्हणाली, "मीच हट्टाने घातले, बाबा. तिचा काही दोष नाही. शोध, शोध तू."

त्याला शोधावं लागलं नाही. ओळीच्या दुसऱ्या टोकाला एक कापड हलत होतं. पोरी हसू दाबताना हलतात तसं मला आधी वाटलं. मग आतून हुंदका ऐकू आला. गिचुकीने जाऊन ते कापड उचललं आणि गाथोनी बाहेर आली, डोळ्यांचं सगळं काळं गालांवर.

नवरी सापडली की तिने नवऱ्याशेजारी जाऊन बसायचं असतं. ही त्याच्यासमोरून गेली, आत्यासमोर ओल्या गवतात बसली आणि पायातले कापडी बूट ओढून काढले. नैरोबीच्या शिंप्याचे कपडे मागून हिरवे झाले.

"दे, आत्या."

"आता नको गं. ओले झालेत. माझ्या पायाने सैलही झालेत."

"दे म्हणते ना!"

न्यागुथीने खुर्ची ओढली आणि बूट काढले. मला वाटलं होतं ती जरा ताणून धरेल, निदान एक वाक्य ऐकवेल. मी असते तर दहा ऐकवली असती आणि मग सावकाश दिले असते. पण तिने लगेच दिले, आणि मला तिचा राग आला. ती गुडघ्यांवर बसली. पोरीचा पाय मांडीवर घेऊन बूट चढवला, दोरी एकेका भोकातून ओवली, वर गाठ मारली. मग दुसरा. तेवढ्यात गिचुकीच्या मावश्यांनी रीतीप्रमाणे नवरीच्या आईला द्यायची नवी घोंगडी आत्याच्या खांद्यावर टाकली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

गाथोनी उठली. पाक उतरलेला, त्यामुळे बूट गुडघ्यावरून घसरून घोट्याशी गोळा झाले होते. तशीच ती सासूसमोर गेली, मग दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांकडे, मग फाटकापर्यंत निरोप द्यायला, भर चिखलातून. पांढरी जाळी लाल झाली, अननस तर ओळखू येईनात. न्यागुथी अनवाणी उभी राहून बघत होती. तिने एकदाही हाक मारून जपून चाल म्हटलं नाही.