उपरण्याची गाठ

कुणीही काम सांगितलं की गुरुजी उपरण्याच्या टोकाला गाठ मारत आणि म्हणत, "मी हाय ना." काम झालं की ज्याचं त्याच्यासमोर ती गाठ सोडत. आमच्या कुरुंद्यात कुणाचं पोरगं हिंगोलीच्या शाळेत घालायचं असो की कुणाच्या म्हशीला गिऱ्हाईक बघायचं असो, गुरुजींचं उपरणं सरळ लोंबलेलं कुणी पाहिलं नाही. असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्यावर विसंबताना जपून राहा, एवढंच सांगते.

मला त्यांनी घरी शिकवून मॅट्रिक केलं. मनापासून केलं, त्याबद्दल वाद नाही. माझे वडील, आबा, गावचे पाटील. पाटलाची पोर मॅट्रिक झाली म्हणून लोक बघायला येत, आणि गुरुजी मला बाजारातल्या गोऱ्ह्यासारखं पुढे करत. मला पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायचं होतं. कोणतं कॉलेज, यावर आमच्या ओसरीवर कितीतरी दिवस खल चालला. हैदराबाद तेव्हा आमची राजधानी, पण तिथं सगळं उर्दूतून. पुणं फार लांब.

"अमरावती बराबर हाय," गुरुजी म्हणाले. "पैनगंगा वलांडली की वऱ्हाड. आपलीच माणसं." त्यांनी स्वतः कुठलंच कॉलेज पाहिलं नव्हतं, पण तिथल्या प्राध्यापकांच्या कोटाची बटणंसुद्धा ते सांगत.

"पण आबा सोडतील का?"

"तू काहून भिऊन राहिली? मी हाय ना." आणि गाठ मारली.

आबा हळद शिजवायच्या कढईपाशी बसलेले असत. गुरुजी रोज तिथं जाऊन बसू लागले. मी लांबून बघायची. आबा नुसती मान हलवत. एक दिवस मात्र हसले, आणि मला वाटलं, जिंकलं.

आबा हसले ते स्थळ पसंत पडलं म्हणून. गुरुजींनीच आणलेलं. मुलगा अमरावतीचा, कापसाच्या पेढीवर कारकून.

मांडवात अक्षता पडल्यावर गुरुजी माझ्यासमोर आले आणि त्यांनी गाठ सोडली. "झालं बाई तुझं काम. चालली तू अमरावतीला."

"आणि कॉलेज?"

"शिकलेली माणसं हायत. धाडतील की."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

गुरुजी खरोखर गोंधळले. "असं कसं इचारावं, माय? पोरीकडच्यानं अटी घालायच्या असत्यात व्हय?"

आबांचा मला राग आला नाही. आबांनी मला काही कबूल केलं नव्हतं. गुरुजींनी केलं होतं. माझा विश्वासघात झाला, आणि तो करणारा माणूस त्याच मांडवात कमरेला उपरणं बांधून आनंदानं पंगतीत वाढत होता. सासूबाईंनी माझी पुस्तकं नीट फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. कॉलेजची घंटा आमच्या घरात ऐकू यायची. त्या वेळी मी भाकरी थापत असायची. माहेरी गेले तरी गुरुजींना टाळायची.

रझाकारांच्या धामधुमीत गावची माणसं नदी ओलांडून वऱ्हाडात आली, त्यांत गुरुजीही होते. आमच्याकडेच उतरले. पार वाळले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझं कालेज दाखव की एकदा."

लेकीला कडेवर घेऊन मी त्यांना फाटकापर्यंत नेलं. बराच वेळ ते बघत राहिले.

"आतून कसं हाय?"

"मला काय माहीत, गुरुजी?"

"म्हंजे तू..."

"नाही. एक दिवसही नाही."

इतकी वर्षं ते धरून चालले होते की मी शिकून मोकळी झाले. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मग त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. हात आपोआप उपरण्याच्या टोकाकडे गेला.

"या लेकराच्या टायमाला..."

"नको, गुरुजी," मी म्हणाले. "हिला मी आहे."

धामधूम निवल्यावर ते गावी परतले आणि त्याच हिवाळ्यात गेले. फाटकापाशी उभे राहिलेले गुरुजी मला अजून दिसतात. त्यांनी चिमटीतलं टोक सोडून दिलं होतं, आणि उपरणं सरळ लोंबत होतं.