भिडेकाकांची फाइल

"सर्वर ठीक है, तो ड्रॉइंग खुलती क्यों नहीं?" आमचे मॅनेजर चतुर्वेदीजी माझ्या टेबलापाशी उभे होते.

झाशीजवळ बिजौलीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. सगळी ड्रॉइंग एका फाइल सर्व्हरवर. तो सांभाळणं माझं काम. त्या आठवड्यात ड्रॉइंग ग्राहकाकडे गेली नाहीत तर मोठी ऑर्डर हातची जाणार होती.

मी रिपोर्ट दाखवला. कॅश हिट रेशो नव्वद टक्क्यांच्या वर. कॅश म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतली राखीव जागा. नुकतं वाचलेलं तो तिथे ठेवतो. परत मागितलेलं तिथेच सापडलं तर हिट. डिस्कपर्यंत जावं लागलं तर मिस, आणि तिथेच वेळ जातो.

"फिर नेटवर्क खराब होगा. नए स्विच मँगा लो."

मी एक दिवस मागून घेतला.

हिट दोन जातींचे असतात. कुणी मोठी फाइल सलग वाचत असेल, तर सर्व्हर पुढचा भाग आधीच मेमरीत आणून ठेवतो. तोही हिट धरला जातो. आमचे बहुतेक हिट असलेच निघाले. म्हणजे कुणीतरी एक प्रचंड फाइल दिवसभर पुन्हापुन्हा वाचत होतं, आणि तिच्या लोंढ्यात ड्रॉइंग मेमरीबाहेर फेकली जात होती.

ती फाइल वाचणारा कॉम्प्युटर भिडेकाकांचा निघाला. ते जुने ड्राफ्ट्समन, झाशीतच जन्मलेले. मी कोल्हापूरचा. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच. काकू गेल्यापासून तेही कमी बोलत.

"काका, ही फाइल तुमची?"

त्यांनी हेडफोन काढले. स्क्रीनच्या कोपऱ्यात लहानसा व्हिडिओ चालू होता. बरुआसागरचा तलाव, काठावर काकू.

"जुनी कॅसेट होती. दुकानातून कॉम्प्युटरसाठी करून घेतली. माझ्या मशीनवर मावेना, म्हणून सर्व्हरवर टाकली." मग हळूच म्हणाले, "बघत नाही रे भैया, ऐकतो. घरात आता सगळे हिंदी बोलतात. नातवाला मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देतो. हिचं बोलणं कानावर असलं की बरं वाटतं."

त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले. काकू म्हणत होत्या, "अहो, पुरे आता ते शूटिंग. या इकडे, दशम्या खाऊन घ्या."

कोल्हापूर सोडल्यापासून असं मराठीतून जेवायला या म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. मी गरजेपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिलो.

"काढून टाकावी लागेल?" त्यांनी विचारलं.

"सर्व्हरवरून काढू. आवाज वेगळा करून देतो, तुमच्या फोनमध्ये मावेल. व्हिडिओ हार्ड डिस्कवर घरी न्या."

दुपारनंतर ड्रॉइंग पटापट उघडू लागली. चतुर्वेदीजींनी नवा रिपोर्ट पाहिला.

"रेशो तो गिर गया."

"हाँ सर. पर अब जो हिट हैं, वो ड्रॉइंग के हैं."

"वजह क्या थी?"

"भिडेजी की घर की एक फाइल थी. हटवा दी."

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "उनके पास कॉपी है ना?"

"है, सर."

ड्रॉइंग वेळेत गेली. स्विच मागवावे लागले नाहीत.

टक्केवारी चांगली दिसली, तरी ती कुणाच्या वाचण्यातून आली हे आधी पाहावं. रिपोर्टात ते नसतं. त्यासाठी त्या माणसाच्या टेबलापर्यंत जावं लागतं.